व्हायकिंग तलवारीची प्रतिकृती: हातात कशी वागते आणि काप कसा बसतो

व्हायकिंग, म्हणजे मध्ययुगातल्या स्कँडिनेव्हियन दर्यावर्दी लोकांच्या, तलवारीची प्रतिकृती पहिल्यांदा हातात घेणाऱ्याची तक्रार बहुधा एकच असते: मूठ आखूड आहे. चार बोटं जेमतेम मावतात, मनगट पुढे मोडलं की पॉमेलची, म्हणजे मुठीच्या शेवटच्या गोळ्याची, कड तळहाताला रुतते, आणि माणूस विक्रेत्याला लांब मुठीबद्दल विचारायला लागतो. तसं करू नका. अस्सल तलवारींची पकडायची जागा साधारण ९ ते १० सेंमीचीच असते. हात गार्ड (मूठ आणि पातं यांमधली आडवी पट्टी) आणि पॉमेल यांच्यामध्ये पाचरीसारखा घट्ट बसावा, घामाने किंवा धक्क्याने सरकू नये, हा त्यामागचा हिशेब. मूठ १३-१४ सेंमीची करून घेतली की हात आत खेळतो, आणि हात खेळला की धारेची दिशा हलते.

आधी मापं डोक्यात पक्की करा. आठव्या शतकाच्या अखेरीपासून अकराव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या या तलवारींचं पातं ७० ते ८० सेंमी, एकूण लांबी ९० सेंमीच्या आसपास, मुठीजवळ पात्याची रुंदी ५ ते ६ सेंमी आणि वजन बहुतेक वेळा १ ते १.३ किलो. एका हाताने, दुसऱ्या हातात ढाल धरून चालवायचं हे हत्यार. चार-पाच किलोच्या तलवारी सिनेमातच असतात.

पण नुसतं वजन बघून तलवार निवडणं ही नवख्यांची हमखास चूक. खरा फरक पडतो तो वजन कुठे आहे याने. चांगल्या पात्याची जाडी मुठीकडून टोकाकडे उतरत जाते: मुठीजवळ ५ मिमी, मध्यावर ४ च्या आत, टोकाच्या ५ सेंमी अलीकडे २ ते २.५ मिमी. शिवाय दोन्ही बाजूंना मधोमध रुंद, उथळ पन्हळ असते, ती जवळजवळ टोकापर्यंत जाते आणि पात्याची रुंदी न घटवता वजन काढून टाकते. स्वस्त प्रतिकृतीत यातलं काहीच नसतं. ५ मिमीची पट्टी घ्यायची, कडा घासायच्या, पन्हळ नावापुरती कोरायची. मग तलवार पुढे जड होते, म्हणून कारागीर पॉमेल जाड करतो. आता बोटावर तोलून पाहिली तर तोल गार्डपासून १४ सेंमीवर, अगदी पुस्तकातला. तरीही ती सुस्त! कारण वजन दोन्ही टोकांना साठलंय. अशी तलवार सुरू करायला जोर लागतो आणि थांबवायला त्याहून जास्त. म्हणून तोलबिंदू एकटा विचारू नका. एकूण वजन आणि तीन ठिकाणची जाडी, दोन्ही विचारा. विक्रेत्याला जाडी सांगता येत नसेल, तर ती मोजण्यासारखी नसते असं खुशाल समजावं.

तोलबिंदू गार्डपासून १२ ते १६ सेंमीवर असेल तर ठीक. १८ च्या पुढे गेला की तलवार कापते जोरात, पण वार चुकला तर मागे आणताना खांदा बोलतो.

तलवार घरी आली की कापायची घाई न करता आधी तपासणी. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा, व्हर्नियरने जाडी मोजा. पातं डोळ्याच्या रेषेत धरून गार्डकडून टोकाकडे बघा. बाक किंवा पीळ लगेच दिसतो. बाक एकवेळ सरळ करता येतो, पीळ असेल तर परत पाठवा. मूठ सैल धरून पॉमेलवर तळहाताने हलके थापट मारा: पातं थरथरेल, पण गार्डपासून ५० सेंमीच्या पुढेमागे एक जागा स्थिर राहील. तिथे खडूने खूण करा. कापताना याच जागेपासून टोकाकडच्या टप्प्यात वार बसला पाहिजे; तिथे हाताला झणका सर्वांत कमी बसतो. थापटताना किणकिण किंवा खुळखुळ ऐकू आली तर गार्ड किंवा पॉमेल सैल आहे. शेवटी टोक लाकडी फळीवर टेकवून पातं ५-६ सेंमी वाकवा आणि सोडा. पुरतं सरळ आलं पाहिजे.

टँग, म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा दांडा, बाहेरून दिसत नाही आणि जीव जातो तो त्यानेच. अस्सल तलवारींत टँग वरच्या गार्डमधून, म्हणजे पॉमेलकडच्या आडव्या पट्टीतून, काढून ठोकून पसरवलेला असे आणि पॉमेलची टोपी वेगळ्या रिव्हेटांनी त्या गार्डवर बसवलेली असे. निदान बऱ्याच प्रकारांत तरी. आजच्या प्रतिकृतींत टँग पॉमेलमधून आरपार नेऊन ठोकतात, किंवा आटे पाडून नट लावतात. दोन्ही चालतात, नट असेल तर दर वेळी कापण्याआधी तो तपासायचा. चालत नाही ती भिंतीवर टांगायची स्टेनलेस तलवार, जिच्या पात्याला मागे बारीक सळई वेल्ड केलेली असते. ती फिरवली की वेल्ड तुटतो आणि पातं खोलीभर उडतं. स्टेनलेसला हात लावू नका. १०६०, १०७५, ५१६० किंवा आपल्याकडे देहरादून-मेरठच्या कारखान्यांत वापरतात ते ईएन ४५ यांपैकी स्प्रिंग पोलाद आणि नीट दिलेलं पाणी (तापवून थंड करून पोलाद कणखर करणं), एवढं पुरे. ‘दमास्कस’ नावाने स्वस्तात मिळणाऱ्या नक्षीदार पात्यांपासून लांब राहा. नक्षी ॲसिडने येते, ताकद पाणी देण्याने, आणि त्या भावात दुसऱ्या गोष्टीवर कुणी वेळ घालवत नाही.

मुठींचे प्रकार नॉर्वेच्या यान पेटरसनने १९१९ मध्ये अक्षरं देऊन लावले, आणि विक्रेते आजही तीच अक्षरं वापरतात. नवख्याने नक्षी बघून नव्हे, पॉमेलचा आकार बघून निवडावं. एक्स प्रकाराचं अर्धगोल, एकसंध पॉमेल हाताला सर्वांत सोसतं. एच प्रकार नॉर्वेत भरपूर सापडला आहे, पण त्याच्या वरच्या गार्डचे कोन सरळ आणि टोकदार; कारागिराने कडा गोल केल्या नसतील तर दहा मिनिटांत तळहात लाल. एस प्रकाराची तीन फुगवट्यांची मूठ दिसायला राजेशाही, धरायला मध्यम. एल प्रकारात गार्ड वक्र असतात, वरचा गार्ड हातापासून दूर वळतो, त्यामुळे मनगटाला बरीच मोकळीक मिळते.

आता पकड. हातोड्यासारखी मूठ आवळली तर पातं हाताशी काटकोनात राहतं आणि पॉमेल मनगटाला अडवतं. सुरुवातीला आणि ढालीआडून जवळच्या वारांना हे ठीक. लांबचा वार करताना मात्र पकड तिरपी होऊ द्यायची: अंगठा आणि तर्जनी घट्ट, मागची तीन बोटं क्षणभर सैल, पॉमेल तळहाताच्या मनगटाकडच्या गादीवरून खाली सरकतं आणि पातं हाताच्या रेषेत येतं. वार बसायच्या क्षणी तीन बोटं पुन्हा आवळायची. हे जमलं की ‘मूठ आखूड’ ही तक्रार आपोआप संपते.

मर्दानी खेळ शिकलेल्यांना इथे एक फायदा आहे. आपल्या तलवारीच्या मुठीवरची तबकडीही मनगट असंच अडवते, त्यामुळे मनगटाने न झटकता खांद्यातून गोल फिरवायची सवय आधीच असते. तोटाही आहे: आपलं पातं वाकडं, ते फिरता फिरता स्वतःच चिरत जातं. व्हायकिंग पातं सरळ आणि दुधारी. खांद्यातून पुरा कंस निघाला तर थोडी ओढ त्यातच येते. पण विळीवर भाजी ओढावी तसा हात मुद्दाम मागे ओढला तर कंस मोडतो, टोक मंदावतं आणि वार अर्ध्यात अडकतो.

त्या काळातलं तलवारबाजीचं एकही लेखी पुस्तक उरलेलं नाही. युरोपातलं सर्वांत जुनं ज्ञात हस्तलिखित सुमारे १३०० सालचं, लीड्सच्या रॉयल आर्मरीजमध्ये आहे, आणि त्यातली ढाल हातभरही नाही. व्हायकिंग ढाल मोठी: नॉर्वेत १८८० मध्ये उकरलेल्या गोकस्टाड जहाजावरच्या ढाली सुमारे ९४ सेंमी व्यासाच्या आहेत. म्हणून ‘अस्सल व्हायकिंग पद्धत’ शिकवतो म्हणणाऱ्याकडून पुराव्यावर बांधलेला अंदाजच मिळतो. अंदाज चांगला असू शकतो. ठाम दावा मात्र संशयास्पद.

कापायचं कशावर? परदेशातल्या मराठी मंडळींना जपानी तातामी चटईच्या गुंडाळ्या सहज मिळतात. भारतात गवती चटई घ्या, कडेची कापडी पट्टी उसवून टाका, घट्ट गुंडाळून सुती सुतळीने चार ठिकाणी बांधा, रात्रभर पाण्यात बुडवा आणि सकाळी तासभर उभी करून निथळू द्या. कोरडी चटई कापू नका, ती धार खाते. केळीचा खांब उत्तम आणि फुकट. फक्त चीक पात्यावर काळे डाग पाडतो, तो तिथल्या तिथे पुसायचा. पाण्याने भरलेली, झाकण लावलेली एक लिटरची पातळ बाटली ही धारेची परीक्षा: धार असेल तर वरचा तुकडा जवळजवळ जागेवर राहतो, नसेल तर बाटली उडते. वाळका बांबू, नारळ, झाडाची फांदी, पत्र्याचा डबा यांवर तलवार चालवणं म्हणजे पैसे देऊन खाचा विकत घेणं. भोपळा कापायला मजा येते, शिकवत काही नाही.

चटई लाकडी खुंटीवर खोचायची, लोखंडी सळईवर कधीच नाही. ठोकळा जड हवा. वरचं टोक तुमच्या खांद्याच्या उंचीला. समोर आणि दोन्ही बाजूंना ५ मीटर कुणी नको, आणि बघणारे तुमच्या मागे लांब, कारण पातं तुटलं तर वाराच्या पातळीत उडतं. चपला नकोत, बंद बूट.

उजव्या हाताने कापत असाल तर डावा पाय पुढे घेऊन उभे राहा. हात लांब करून खडूची खूण चटईच्या मध्यावर येईल ते अंतर मोजा आणि एक पाऊल मागे या. तलवार उजव्या खांद्यावर. टोक आधी निघतं, उजवं पाऊल त्याच्या मागून पडतं आणि वार ४५ अंशांत वरून उजवीकडून खाली डावीकडे उतरतो. उजवा पाय पुढे पडला पाहिजे, याला कारण आहे: वार चटईतून पार गेला किंवा पुरता हुकला तर टोक डाव्या पायाकडे येतं. तो पाय पुढे राहिला तर नडगी गेली. जोर निम्मा ठेवा. आडवा वार सर्वांत अवघड, कारण चटई फक्त ढकलली जाते. तो सगळ्यात शेवटी.

मग तुकडा उचला आणि वाचा. कापलेला चेहरा सपाट आणि धागे एका पातळीत असतील तर धार आणि वाराची दिशा एक होती. चेहरा चमच्यासारखा खोलगट असेल तर आत शिरल्यावर पातं वळलं: मूठ सैल होती किंवा आवळायला उशीर झाला. सुरुवात स्वच्छ आणि शेवटचे दोन-तीन पदर फाटलेले असतील तर चटईवर पोचताच हात थांबवलात. वार चटईच्या पलीकडे संपवायचा असतो. अख्खी चटई खुंटीवरून उडाली तर पातं आडवं पडलं होतं. यावर जास्त जोर लावणं हा उपाय नव्हे, त्याने पातं वाकतं.

आणि पातं वाकतंच कधीतरी, बहुधा टोकाकडच्या तिसऱ्या हिश्शात. १३व्या शतकात लिहिलेल्या एका आइसलँडिक सागेत (जुन्या गद्यकथेत) नायक लढता लढता तलवार पायाखाली घालून सरळ करतो. आजचं स्प्रिंग पोलाद तितकं मऊ नाही. हलका बाक दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवून, हातमोजे घालून, थोडा थोडा दाबत काढता येतो. गरम करायचं नाही, पाणी उतरतं.

धारेबद्दलही हेच. बऱ्याच प्रतिकृती बोथट येतात आणि स्थानिक धारवाला त्या ग्राइंडरवर धरतो. कड निळी पडली की तेवढ्या भागाचं काम संपलं. हाताने करा: माउसपॅडवर ४०० नंबरचा पाणकागद, मग ८००, मग १२००, पातं मागच्या दिशेने ओढत, प्रत्येक बाजूला साधारण २० अंश. धार पोटाला किंचित फुगीर हवी. दुसऱ्या उताराचा स्पष्ट खांदा राहिला तर तो चटईत अडतो. नाटकाच्या किंवा लढाईच्या खेळाच्या २-३ मिमी कडेच्या बोथट तलवारीला घासून धार काढू नका. तिची कड जाड ठेवूनच बाकी वजन जुळवलेलं असतं.

भारतात धारदार तलवार मागवण्याआधी पोलीस ठाण्यात चौकशी करा. शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची शस्त्रं नोंदवलेली आहेत, आणि व्हायकिंग पातं लांबीतच तिप्पट भरतं. फोटोसाठी गल्लीत घेऊन उतरणं तर नकोच.

कापून झाल्यावर पातं आधी ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्या. खोबरेल नको, ते चिकट होतं. गार्डच्या फटीत पाणी राहतं, तिथे कापसाने तेल सोडा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात तलवार ठेवलीत तर चामडं ओल धरून पात्यावर गंज चढवेल. म्यान वेगळं टांगा, तलवार तेल लावून सुती कापडात गुंडाळा आणि पंधरवड्याने एकदा उघडून बघा.