नोकरीच्या अर्जात कुणाचा नंबर द्यायचा

सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीत मशीनिंगचं काम करणाऱ्या एका कारखान्यात मी पर्सोनेल सांभाळते. या कामाला आता सोळा वर्षं झाली. उमेदवाराची मुलाखत होते, मशीनवर ट्रायल होते, पगाराचं बोलणं होतं आणि मग फाइल माझ्या टेबलावर येते. "मॅडम, रेफरन्स बघून घ्या." उमेदवारानं दिलेल्या दोन नंबरांवर मी फोन लावते. हातात चांगलं काम असलेली पोरं या शेवटच्या पायरीवर अडखळताना मी पाहिली आहेत. दर वेळी जीव हळहळतो, कारण चूक कामात नसते, नंबर देण्यात असते. म्हणून हे लिहिते आहे.

आपल्याकडे नोकरीचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, "कुणाची ओळख आहे का?" त्यामुळे फॉर्मवर रेफरन्सचा रकाना दिसला की पोरं नगरसेवकाचा, साखर कारखान्याच्या संचालकाचा, नाहीतर गावच्या सरपंचाचा नंबर लिहून मोकळी होतात. मोठं नाव दिलं की वजन पडेल, असं घरचेही सांगतात. पण मी त्या संचालकांना विचारू काय? हा मशीनचं सेटिंग स्वतः करतो का? रात्रपाळीला दांड्या मारतो का? पीस बिघडला तर येऊन सांगतो का बॉक्सच्या तळाला सारतो? ते म्हणतात, "आमच्या गावातला आहे, घराणं चांगलं आहे, घ्या त्याला." ते खरंच सांगत असतात, पण माझ्या कामाचं त्यात काही नसतं. रेफरन्स देणारा हा साक्षीदार असतो. ज्यानं तुम्हाला काम करताना डोळ्यांनी पाहिलं, तोच साक्ष देऊ शकतो.

मागे एका टर्नरसाठी मिरजेच्या एका शॉपमधल्या सुपरवायझरना फोन लावला होता. मागे कॉम्प्रेसरचा आवाज चालू होता. "थांबा, बाहेर येतो," म्हणाले. मग सांगायला लागले: "एका बुशचा बोअर, म्हणजे आतलं भोक, दुपारनंतर वाढत जायचा. मशीन तापलं की फरक पडायचा. यानं कुणी न सांगता दर वीस पीसला बोअर गेज लावायला सुरुवात केली आणि आकडे वहीत लिहून ठेवले. ती वही अजून आमच्याकडे आहे. एक सांगतो, बोलायला जरा कमी आहे, अडचण आली तर पहिले दोन दिवस विचारणार नाही. तुम्ही विचारत जा." चार मिनिटांचा फोन. त्या पोराला मी दुसऱ्या दिवशी बोलावलं. त्याचा कमीपणाही मला आधीच कळला होता आणि त्यामुळे माझा विश्वास वाढलाच. नुसतं "एक नंबर पोरगा आहे" म्हणणाऱ्या तीन फोनांपेक्षा असा एक फोन भारी पडतो.

तेव्हा निवड करताना हुद्द्याकडे बघू नका. रोज तुमच्या कामावर नजर असलेला माणूस शोधा: लाइन सुपरवायझर, शिफ्ट इनचार्ज, क्वालिटीचा माणूस, ऑफिसात असाल तर अकाउंटचे वरिष्ठ. जनरल मॅनेजरनं तुम्हाला वर्षातून दोनदा पाहिलं असेल तर त्यांचं नाव नको. दोन नंबर मागितले असतील तर तीन माणसं तयार ठेवा, एखादा नेमका त्याच आठवड्यात गावच्या जत्रेला गेलेला असतो. तिघांनी तुमचं वेगवेगळं काम पाहिलेलं असलं तर फार चांगलं. आणि नात्यातलं कुणी नको. सरकारी आणि बँकेच्या फॉर्मवर ओळखीच्या, नात्यात नसलेल्या दोन प्रतिष्ठित व्यक्ती मागतात ती गोष्ट वेगळी. तिथे चारित्र्याचा प्रश्न असतो, तिथे तुमचे प्राचार्य किंवा ओळखीचे अधिकारी चालतात. कारखान्याच्या रेफरन्सला तोच माणूस उचलून लावू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नंबर देण्याआधी त्या माणसाला फोन करा. व्हॉट्सअॅप नंतर, आधी फोन, आणि जवळ असतील तर समोर जाऊन भेटा. विचारताना "माझं नाव दिलंय, जरा चांगलं सांगा" असं म्हणू नका. असं विचारा: "साहेब, माझ्या कामाबद्दल तुम्हाला मोकळेपणानं सांगता येईल का? काही अडचण वाटत असेल तर सांगा, मी दुसऱ्यांचं नाव देतो." यात त्यांना नाही म्हणायला जागा राहते. ते थोडे थांबले, "बघू, कंपनीचा नियम बघावा लागेल" म्हणाले, तर आग्रह करू नका. मनात नसलेला माणूस फोनवर आला की त्याचा आवाजच सांगतो. आणि काही कंपन्यांत खरोखर नियम असतो. तिथला एचआर फक्त रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि हुद्दा सांगतो, वर एक शब्द नाही. तिथे तुमचे जुने सुपरवायझर नोकरी बदलून दुसरीकडे गेले असतील तर तेच तुमच्या उपयोगाचे, कारण ते आपल्या नावावर बोलू शकतात.

हो म्हणाले की मग एक मेसेज पाठवा. मी आमच्या आयटीआयच्या पोरांना असा लिहून देते:

"नमस्कार साहेब. आज बोलल्याप्रमाणे, कुपवाडच्या कंपनीत सीएनसी सेटरच्या जागेसाठी तुमचा नंबर दिला आहे. बुधवार ते शुक्रवारमध्ये तिथल्या पर्सोनेल मॅडमचा फोन येईल. मी तुमच्याकडे २०२१ ते २०२३ दुसऱ्या शिफ्टला होतो, लेथच्या दोन मशीन माझ्याकडे होत्या. बोअर गेजच्या नोंदींचं काम तुमच्या लक्षात असेल. तुम्हाला कोणत्या वेळेला फोन आला तर सोयीचं, तेवढं कळवा."

या मेसेजात त्यांनी काय बोलावं ते शिकवलेलं नाही, आठवण तेवढी करून दिली आहे. तुमच्यासारखी चाळीस पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली असतात. कोणत्या शिफ्टला, कोणत्या मशीनवर, एवढं सांगितलं की चेहरा डोळ्यांसमोर येतो. वेळही नक्की विचारा. शिफ्ट बदलताना, डिस्पॅचच्या गडबडीत फोन आला तर माणूस दोन वाक्यांत संपवतो. एमआयडीसीत सगळ्यांची सुट्टी रविवारीच असते असंही नाही.

इथे माझीच गोष्ट सांगते. बीकॉम झाल्यावर मी मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दोन वर्षं हिशेब लिहिले. शेठ माझ्या कामावर खूश होते. लग्नानंतर पुण्याच्या एका कंपनीत अर्ज केला, मुलाखत उत्तम झाली, आणि रेफरन्स म्हणून मी दुकानाचा लँडलाइन नंबर दिला. शेठना विचारलं नाही. वाटलं, ते काय नाही म्हणणार? फोन आला तो सकाळी सौदे चालू असताना. यार्डात पोती फोडलेली, खरेदीदारांची गर्दी, कुणाचा कुणाला आवाज नाही. फोन दिवाणजींनी उचलला. समोरून माझं लग्नानंतरचं नाव आलं. दिवाणजी म्हणाले, "या नावाचं आमच्याकडे कधी कुणी नव्हतं." त्यांचं खोटं नव्हतं, त्यांना माझं माहेरचं आडनावच ठाऊक होतं. पुण्याहून पुन्हा कुणी फोन केला नाही, मी खोटं लिहिलं असं त्यांनी धरलं. शेठना हे कळलं तेव्हा ते दुकानातून उठून आमच्या घरी आले होते, "पोरी, मला एक शब्द सांगितला असतास तर मी फोनपाशी बसून राहिलो असतो." वीस वर्षं होत आली, ते वाक्य अजून कानात आहे.

म्हणून लग्नानंतर नाव बदललेल्या प्रत्येक मुलीला माझं सांगणं आहे: फॉर्मवर दोन्ही नावं लिहा, आणि जुन्या ठिकाणच्या माणसाला नवं नाव कळवा. ज्यांना कामावर सगळे टोपणनावानंच हाक मारतात, त्या पोरांनीही हेच करावं.

सध्या नोकरीत असाल तर आहे त्या कंपनीतला नंबर देऊ नका. फॉर्मवर स्पष्ट लिहा, "सध्याच्या ठिकाणी ऑफर लेटरनंतरच विचारणा करावी." यात लपवाछपवी काही नाही, आम्हाला हे नेहमीचं आहे. बायोडेटावर रेफरन्सचे नंबर छापून शंभर ठिकाणी वाटू नका. शेवटच्या फेरीत मागतील तेव्हा वेगळ्या कागदावर द्या: नाव, हुद्दा, तुमच्याशी कामाचा संबंध, किती काळ, मोबाइल नंबर, सोयीची वेळ. दुसऱ्याचा नंबर म्हणजे त्यानं तुमच्या हातात दिलेली ठेव आहे.

कागदांबद्दल थोडं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. गावभागात, मारुती चौकात घरंच्या घरं पाण्यात होती. त्या वर्षी दिवाळीनंतर माझ्यासमोर एक मुलगा बसला, त्याचं अनुभवपत्र, रिलीव्हिंग लेटर, पगाराच्या स्लिपा, सगळ्याचा लगदा झाला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो लगदाच घेऊन आला होता. त्याच्या नोकरीच्या तारखा आम्हाला पीएफच्या यूएएन खात्यातल्या (यूएएन म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर) सर्व्हिस हिस्टरीतून मिळाल्या, आणि काम कसं होतं ते जुन्या फोरमननी फोनवर सांगितलं. तारखा कागदावरून, काम माणसाकडून, असं दोन्ही हवं. तुमची सर्व्हिस हिस्टरी आज उघडून बघा. जुन्या कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला पोर्टलवर स्वतः टाकता येते, आधारला मोबाइल जोडलेला हवा. रेफरन्स देणाऱ्यानं सांगितलेली तारीख आणि पीएफमधली तारीख जुळली नाही की उगाच संशय येतो. कंत्राटदारामार्फत काम केलं असेल तर हे आधीच सांगून टाका, कारण पीएफवर कंत्राटदाराचं नाव असतं आणि रेफरन्स देणारा सुपरवायझर कंपनीचा असतो.

ज्यांची पहिलीच नोकरी आहे त्यांना वाटतं, आपल्याकडे कोण आहे? असतं कुणीतरी. अप्रेंटिसशिप केली असेल तर तिथले इन्स्ट्रक्टर. प्रोजेक्टचे गाइड, पण ज्यांनी खरंच तुमचा प्रोजेक्ट पाहिला ते. रयतच्या कॉलेजात 'कमवा व शिका' मध्ये काम केलं असेल तर ती योजना बघणारे सर, त्यांनी तुम्हाला वेळेवर येताना आणि हातानं काम करताना पाहिलं आहे. काकांच्या दुकानात बसला असाल तर काका नकोत, दुकानात नेहमी येणारा घाऊक व्यापारी सांगा.

जुन्या साहेबांशी वाजलं असेल तर ते मुलाखतीतच दोन वाक्यांत सांगा, शिव्या न घालता. "त्यांचं माझं रजेवरून पटलं नाही, त्याच विभागातले हे दुसरे इंजिनिअर माझं काम सांगतील." मी अशा उमेदवाराला कधी त्यावरून नाकारलं नाही. खोटा रेफरन्स मात्र कधी देऊ नका. एकदा एका मुलानं मॅनेजर म्हणून दिलेला नंबर लावला, स्क्रीनवर ट्रूकॉलरनं दाखवलं, "मामा विटा". मी दोन साधे प्रश्न विचारले, मशीनला कोणतं कंट्रोलर होतं, शिफ्टला किती माणसं होती. पलीकडे शांतता. तो मुलगा ट्रायलमध्ये पहिला आला होता. मामाशिवाय त्याला नोकरी मिळाली असती.

काम झालं की कळवा, नाही झालं तरी कळवा. यातच सगळे कमी पडतात. त्या बोअर गेजवाल्या टर्नरला आमच्याकडे सहा महिने झाले असतील, मिरजेच्या सुपरवायझरचा मलाच फोन आला. "मॅडम, माझा तो मुलगा घेतला का शेवटी?" पोरानं त्यांना सांगितलंच नव्हतं. मी शॉपमधून त्याला बोलावून घेतलं, माझ्या टेबलावरचा फोन त्याच्याकडे सरकवला आणि त्याचं बोलून होईपर्यंत बाहेर जाऊन उभी राहिले.