क्लच स्लिप मारतोय? गिअरबॉक्स उतरवायच्या आधीची तयारी

पाऊस ओसरला की आपल्याकडं गोव्याचे, सावंतवाडीचे बेत सुरू होतात आणि बेळगावातनं चोर्ला धरा, आंबोली धरा नाहीतर अनमोड, जाताना घाट उतरायचा असतो आणि येताना चढायचा. त्यामुळं क्लच स्लिप मारायला लागला असेल तर जाताना काही कळतच नाही, कळतं ते परतीला, गाडीत पाच माणसं, डिकीत सामान, इंजिन ओरडतंय आणि गाडी ओढंना. म्हणून हे सगळं निघायच्या आधी घरच्या अंगणात तपासायचं.

पहिलं काम, तुमची गाडी हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या क्लचची आहे का केबलची ते बघा. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या बाटलीकडं बघायचं, बऱ्याच गाड्यांत त्याच बाटलीच्या बाजूनं एक बारीक रबरी नळी क्लचच्या मास्टर सिलेंडरकडं (पॅडल दाबलं की ऑइल ढकलतो तो) जाते, काही गाड्यांत क्लचची वेगळी छोटी बाटली असते. केबल असेल तर पुढचं निम्मं तुमच्या कामाचं नाही, केबलचं फ्री प्ले (पॅडलचं सुरुवातीचं सैल जाणं) आणि प्लेट (इंजिनाला गिअरबॉक्सशी जोडणारी चकती) एवढंच बघा.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, रोग कुठला ते नक्की करा. पॅडल पूर्ण सोडलंय तरी प्लेट पकडत नाही, हा झाला स्लिप. पॅडल पूर्ण दाबलंय तरी प्लेट सुटत नाही, गिअर कडक पडतो, रिव्हर्स टाकताना करकर होते, पॅडल मऊ लागतं नाहीतर खालीच चिकटून राहतं, हा अगदी उलटा रोग. क्लच पकडायचं काम प्रेशर प्लेटमधला डायफ्रॅम स्प्रिंग करतो, हायड्रॉलिकचं काम फक्त त्याला सोडवायचं. म्हणजे ऑइल कमी झालं, लाइनीत हवा शिरली, सिलेंडर गळाला तर क्लच सुटणार नाही, पण स्लिप मारणार नाही. तरीपण स्लिपची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला आधी ब्लीडिंग, म्हणजे लाइनीतली हवा काढून देतात आणि आठ दिवसांनी गाडी परत तशीच, हे फार बघायला मिळतं. ब्लीडिंग वाईट नाही हो, पण ते या रोगाचं औषध नाही.

टेस्ट अशी करायची. सकाळी रस्ता मोकळा असताना सपाट सरळ पट्ट्यावर गाडी गरम करून घ्या, ४०-५० च्या स्पीडला चौथ्या नाहीतर पाचव्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा झटकन वर गेला आणि स्पीड तिथंच राहिला तर स्लिप नक्की. वंटमुरी नाहीतर तवंदी घाटाच्या चढाला हीच गोष्ट अजून स्पष्ट दिसते, सोबत जळका वासही येतो. उभ्या गाडीला हँडब्रेक ओढून, पाय ब्रेकवर ठेवून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडला तर चांगल्या क्लचची गाडी बंद पडते, चालूच राहिली तर क्लच गेलाय, पण ही टेस्ट एकदाच करा आणि गाडीच्या पुढं माणूस, पोर, म्हैस कुणी नको. परत परत केली तर उरलेली प्लेट तिथंच जळते.

आणि एक नोंद घ्या, गार असताना पकडतो आणि गरम झाल्यावर सुटतो का? तसं असेल तर नुसती झिजलेली प्लेट म्हणून सोडून देऊ नका. मास्टर सिलेंडरमध्ये बाटलीकडं जाणारं एक बारीक भोक असतं, पॅडल पूर्ण वर आलं की ते उघडं पडतं आणि गरम होऊन फुगलेलं ऑइल तिथनं बाटलीत परत जातं. पुशरॉड जास्त घट्ट अ‍ॅडजस्ट केलेला असेल, पॅडलचा स्प्रिंग गेला असेल, नाहीतर सील फुगून पिस्टन पूर्ण मागं येत नसेल तर ते भोक झाकलेलंच राहतं, ऑइल फुगलं की जाणार कुठं, ते स्लेव्ह सिलेंडरला (गिअरबॉक्सकडचा, क्लच दाबणारा) ढकलत राहतं आणि पाय न लावता क्लच अर्धा दाबलेला राहतो. मग नवीन क्लच सेट टाकला तरी तोही जळणार.

हे तपासायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. स्लेव्ह बाहेरनं बसवलेला असेल तर गाडी स्लिप मारायला लागेपर्यंत चालवा, सपाट जागी लावा, इंजिन बंद, चाकांना ओट लावा, खाली जायचं असेल तर जॅकवर विसंबू नका, जॅक स्टँड पाहिजेतच. पॅडलला कुणी हात-पाय लावायचा नाही. डोळ्यावर चष्मा, ब्लीडरवर (स्लेव्हवरचा हवा काढायचा स्क्रू) पारदर्शक नळी, तिचं तोंड बाटलीत, आणि ब्लीडर थोडा सैल करा. थेंब थेंब आलं तर ठीक, पिचकारी उडाली तर लाइनीत प्रेशर अडकलंय. ब्लीडर बंद करून गाडी चालवून बघा, आता पकडत असेल तर दोष प्लेटचा नाही. मग पुढच्या वेळी अडकलं की मास्टरच्या तोंडाशी पाइपचा नट सैल करा. तिथं प्रेशर सुटलं तर मास्टर किंवा पुशरॉड बघा, तिथं सुटलं नाही आणि स्लेव्हला सुटलं तर मधली रबरी होज आतनं सुजून बंद झालीय, ती बाहेरनं चांगलीच दिसते म्हणून कुणी तिच्याकडं बघत नाही. हा तासाभराचा खटाटोप गिअरबॉक्स काढायच्या मजुरीपुढं काहीच नाही, म्हणून मी इतकं लांबवून सांगतोय.

पॅडलचं फ्री प्ले हातानं दाबून बघा, अगदी सुरुवातीला थोडं सैल जायलाच पाहिजे, किती मिमी ते गाडीच्या पुस्तकात असतं. बाटलीत ऑइल किती आहे तेही बघा, पण एक लक्षात ठेवा, प्लेट झिजते तसा स्लेव्हचा पिस्टन मागं ढकलला जातो आणि क्लचच्या वेगळ्या बाटलीतलं ऑइल वर चढतं, म्हणून काठोकाठ भरून ठेवायचं नाही. ऑइल झाकणावर लिहिलंय तेच, बहुतेक ठिकाणी डॉट ३ नाहीतर डॉट ४, सीलबंद नवीन डबा. उघडा पडलेला डबा हवेतलं पाणी ओढतो, नवीन डॉट ४ किमान २३० अंशापर्यंत उकळत नाही पण पाणी धरलेल्याला १५५ पर्यंतच भरवसा, आणि खानापूर-जांबोटीच्या पावसाळी दमटपणात तर जुना डबा नकोच. इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं ऑइल चुकूनसुद्धा यात पडलं तर रबर फुगतं आणि वर सांगितलेला सगळा प्रकार तिथनंच सुरू होतो. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा.

आता समजा हायड्रॉलिक साफ निघालं, मग गिअरबॉक्स उतरवायचाच, आणि त्या दिवसाची तयारी आधीच करून ठेवा, नाहीतर गाडी स्टँडवर आणि सामान कोल्हापूर नाहीतर हुबळीहून येईपर्यंत दोन दिवस बसून राहायचं. चॅसिस नंबरचा फोटो आणि गाडी कुठल्या वर्षाची ते घेऊन दुकानात जा, एकाच मॉडेलच्या पेट्रोल-डिझेलला प्लेटची साइज वेगळी असते. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र घ्या, एकच प्लेट बदलून पैसे वाचत नाहीत कारण मजुरी तेवढीच पडते. सोबत क्रँकचा मागचा ऑइल सील आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्टचा सील आणून ठेवा, किंमत कमी आहे आणि प्लेटवर ऑइल येऊन स्लिप होत असेल तर मूळ दोष तोच. ऑइल प्यालेली प्लेट पेट्रोलनं धुऊन परत बसवतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. स्लेव्ह जर बेल हाउसिंगच्या (क्लचवरचं गिअरबॉक्सचं आवरण) आत असेल, म्हणजे बेअरिंगसकट गोल येतो तो, तर तोही आत्ताच बदला, त्याच्यासाठी परत गिअरबॉक्स उतरवणं फार जिवावर येतं.

फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाची जड चकती जिच्यावर प्लेट पकडते, ती बघायला विसरू नका. निळे डाग, बारीक तडे, बोटाला लागणारे वळ असतील तर उद्यमबागेत मशीन शॉपची कमी नाही, पण आधी विचारून वेळ ठरवून ठेवा, रविवारी काम काढू नका. काही डिझेल गाड्यांना ड्युअल मास, म्हणजे दोन भागांचं फ्लायव्हील असतं, त्याला फेस मारायच्या (मशीनवर घासून सपाट करायच्या) भानगडीत पडू नका, खेळ जास्त असेल तर बदलायचं. हाउसिंगमधली धूळ हवेच्या पाइपनं उडवायची नाही, मास्क लावून ओल्या फडक्यानं पुसायची, जुन्या प्लेटांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं.

बसवताना हजर राहता आलं तर राहा, मिस्त्रीला राग येऊ न देता दोन-तीन गोष्टी बघा. नवीन प्रेशर प्लेटवर गंज न धरण्यासाठी तेलाचा थर असतो, तो आणि फ्लायव्हील ब्रेक क्लीनरनं पुसलंय ना, प्लेटवर फ्लायव्हील साइड लिहिलेली बाजू बरोबर आहे ना, मध्यभागी धरायचा अलाइनमेंट टूल वापरला ना. बोल्ट आडवे-उभे थोडे थोडे करत आवळायचे, शेवटी टॉर्क रेंच. स्प्लाइनला (इनपुट शाफ्टवरचे खाचे, ज्यांवर प्लेट बसते) ग्रीस अगदी पुसट, जास्त लावलं तर फिरताना उडून प्लेटवर येतं. गिअरबॉक्स चढवताना त्याचा भार इनपुट शाफ्टवर लोंबकळू द्यायचा नाही, प्लेटचा हब वाकतो.

लाइन उघडली असेल तरच शेवटी ब्लीडिंग, पॅडलवर एक माणूस, खाली एक, ब्लीडर बंद केल्याशिवाय वरच्यानं पॅडल सोडायचं नाही, आणि बाटली मधेच रिकामी होऊ द्यायची नाही. गिअरबॉक्सचं ऑइल परत भरलं का तेही विचारा. पहिले ५०० किमी गावातल्या गावात हळू, घाट नको, ओव्हरलोड नको, आणि कपिलेश्वर ब्रिजच्या चढाला गर्दीत उभं राहायची वेळ आली तर क्लच अर्धा धरून गाडी अडवू नका, हँडब्रेक ओढा. दोन-चार दिवसांनी सकाळी हाउसिंगच्या खाली कोरडा पुठ्ठा ठेवून बघा, त्यावर थेंब नसला आणि पाचव्या गिअरची टेस्ट परत पास झाली की मग चोर्ल्याची तारीख ठरवा.