त्रिकास्थी हातात आली की आधी मोजा

त्रिकास्थी म्हणजे कंबरेखालचं त्रिकोणी हाड, सेक्रम. माझ्याकडची मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला असताना एका सीनियरकडून घेतली, जुन्या बोन सेटमधून. आधीच्या कुणीतरी तिच्यावर स्नायूंच्या जागा निळ्या नेलपॉलिशने रंगवल्या होत्या. त्या अजून निघालेल्या नाहीत. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मी तीच घेऊन बसले. "पुढची छिद्रं किती?" मी पाठ केलेलं ठोकून दिलं, चार जोड्या. सर म्हणाले, "पुस्तकातली नकोत. हातातली मोज." डावीकडे पाच निघाली, उजवीकडे चार.

आता सदाशिव पेठेत माझ्या जेवणाच्या टेबलाशी पोरं हाडं शिकायला येतात. तोंड उघडण्याआधी मोजायचं, हा इथला नियम.

आधी नीट धरा. रुंद टोक वर, खोलगट गुळगुळीत बाजू पुढे. इथवर सगळे बरोबर असतात. मग हाड ताठ उभं धरतात आणि मार्क घालवतात. शरीरात ते तिरकं बसतं, खोलगट बाजू पुढे आणि खाली बघते.

आता मोजा. पुढून चार जोड्या, म्हणजे पाच मणके जुळलेले. पाच जोड्या दिसल्या तर एक पाहुणा आलाय, तो वरून की खालून ते शोधा. माकडहाडाचा पहिला मणका चिकटला असेल तर खालच्या टोकाशी दोघांची शिंगं जुळलेली सापडतात. वरून आला असेल तर कंबरेच्या पाचव्या मणक्याचा आडवा फाटा रुंद होऊन त्रिकास्थीच्या पंखात मिसळलेला दिसतो. हे सॅक्रलायझेशन. उलट त्रिकास्थीचा पहिला मणका सुटून कंबरेत गेला तर लंबरायझेशन, आणि खाली तीनच जोड्या उरतात. माझ्या हाडासारखा एकाच बाजूचा प्रकारही होतो. अशा मणक्याचा आणि कंबरदुखीचा संबंध इटलीच्या बर्टोलोटींनी 1917 मध्ये मांडला. कॅस्टेल्वींनी 1984 मध्ये त्याचे चार प्रकार पाडले. पण असा मणका असलेल्या प्रत्येकाची कंबर दुखतेच असं मुळीच नाही.

हाडाची मागची बाजू समोर घ्या. मधल्या उंचवट्यावरून अंगठा खाली सरकवत न्या. जिथे तो खळग्यात पडेल ते सेक्रल हायटस, त्याच्या दोन बाजूंना शिंगं. बेंबीखालच्या ऑपरेशनसाठी लहान मुलांना कॉडल भूल देतात ती इथूनच. हायटसचं वरचं टोक बहुधा त्रिकास्थीच्या चौथ्या मणक्याशी असतं. कधी तिसऱ्याशी, क्वचित दुसऱ्याशी. मज्जारज्जूभोवतालच्या आवरणाची, ड्युराची पिशवी मोठ्या माणसात साधारण दुसऱ्या मणक्याशी संपते, म्हणजे टोक जितकं वर तितकं सुईला पिशवीपर्यंतचं अंतर कमी. उलट हायटस अरुंद किंवा हाडाने बुजलेलं असेल तर सुई आतच जात नाही आणि दोष भूल देणाऱ्याच्या हाताला लागतो. सराव मित्राच्या पाठीवर करा, फक्त बोटाने: कंबरेखालच्या दोन खळ्या आणि हायटस मिळून साधारण समभुज त्रिकोण होतो, टोक खाली. आता सोनोग्राफी मदतीला असते, तरी बोटाला कळलेलं वाया जात नाही.

पहिल्या मणक्याची मागची कमान उघडी दिसली तर स्पायना बिफिडा ऑकल्टा. बहुतेकदा निरुपद्रवी. मात्र त्या जागी त्वचेवर केसांचा झुपका असेल आणि पायात किंवा लघवीत तक्रार असेल, तर पुढे तपासायचं.

हे मोजणं एमआरआयलाही लागू आहे. माझी आत्या कोथरूडहून दोन रिपोर्ट घेऊन आली. एकात कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी सरकलेली, दुसऱ्यात पाचव्या आणि त्रिकास्थीमधली. "दोन गाद्या गेल्या गं माझ्या!" गादी एकच होती. तिचा पाचवा मणका त्रिकास्थीला जुळलेला, गादी त्याच्या लगेच वरची. एकाने त्याला कंबरेचा धरला, दुसऱ्याने त्रिकास्थीचा. म्हणून अशा रुग्णात मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून खाली मोजलंय का ते विचारा, आणि रिपोर्टमध्ये कसं मोजलं ते लिहून घ्या. ऑपरेशन ठरलं तर सर्जनची मोजणी त्याच्याशी जुळायलाच हवी, नाहीतर चुकीच्या गादीवर सुरी चालते.

"मग माझी कितवी?" आत्याने विचारलं. वरून मोजून आली चौथ्या-पाचव्यातली. तिने पर्समधून बॉलपेन काढलं आणि दोन्ही रिपोर्टवर ठळक अक्षरात लिहिलं, "एकच".