सिगारेटी मोजू नका, झुरके पाहा

तंबाखू सोडू पाहणाऱ्यांशी बोलणं हे माझं रोजचं काम. नवा माणूस आला की मी त्याला म्हणते, "सिगारेट कशी ओढता, ते जरा दाखवा." तो रिकाम्या हाताने दाखवतो. बोटं फिल्टरवर कुठे टेकतात, गाल किती आत जातात, धूर सोडायला किती वेळ लागतो, हे सगळं त्यातून कळतं. दिवसाला किती, हे मी नंतर विचारते.

शरीराला ठरावीक निकोटीनची सवय झालेली असते. वीसच्या दहा केल्या तरी तलफ तेवढीच राहते आणि माणूस नकळत भरपाई करतो. झुरका लांबतो, दोन झुरक्यांमधला वेळ कमी होतो, थोटूक आखूड होत जातं. शेवटचे झुरके तर सगळ्यात जड असतात, कारण आधीच्या धुरातलं टार, म्हणजे चिकट काळपट द्रव्य, पुढच्या तंबाखूत साचत आलेलं असतं. त्यामुळे नग निम्मे झाले म्हणून विष निम्मं झालं, असं होत नाही.

म्हणून सुरुवातीचे चार-पाच दिवस काहीच कमी करू नका, फक्त लिहा. उठल्यावर किती मिनिटांनी पहिली पेटवली? एका सिगारेटीत झुरके किती? थोटूक केवढं उरलं? त्या वेळी रागात होतात, घाईत होतात की नुसतेच बसला होतात? वही सिगारेटच्या पाकिटाजवळच ठेवा. रात्री आठवून लिहिलेलं बरोबर येत नाही.

'लाइट' समजून ओढणाऱ्यांनी एक करावं. फिल्टरभोवतीचा कागद उजेडात धरून पाहावा. त्यावर बारीक छिद्रांचं कडं दिसेल, कधी कधी ती नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. तिथून हवा आत येते आणि धूर पातळ होतो. टारचे आकडे काढणारं यंत्र जुन्या प्रमाण पद्धतीत मिनिटाला एक, दोन सेकंदांचा, ३५ मिलिलिटरचा झुरका घेत असे, तेही छिद्रं उघडी ठेवून. माणसाची बोटं आणि ओठ नेमके त्याच छिद्रांवर येतात आणि तलफ आली की झुरकाही मोठा होतो. पाकिटावरचा कमी आकडा छातीत उतरत नाही. अमेरिकेत 'लाइट', 'माइल्ड' हे शब्द २०१० पासून पाकिटावर छापायला बंदी आहे, ती याच फसवणुकीमुळे. हलकी म्हणून निवडलेली सिगारेट लोक वर्षानुवर्षं निश्चिंतपणे ओढतात, याचं मला फार वाईट वाटतं.

वहीतली सगळ्यात मोलाची नोंद सकाळची. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, म्हणजे रात्रभरात ते बरंच उतरलेलं असतं. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पेटवणाऱ्याच्या शरीरात, तेवढ्याच सिगारेटी उशिरा सुरू करणाऱ्यापेक्षा सहसा जास्त निकोटीन आणि कर्करोग घडवणारी जास्त द्रव्यं सापडतात. अशा माणसाने नुसत्या निर्धारावर विसंबू नये. निकोटीनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) किंवा चघळायचा गम डॉक्टरांना विचारून सुरुवातीपासूनच घ्यावा. निकोटीन दुसरीकडून मिळालं की झुरके लांबवायची गरज कमी पडते.

आपण खरंच कमी केलं का, हे पाहायचं तर व्यसनमुक्ती केंद्रात श्वासातला कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे धुरातून शरीरात जाणारा विषारी वायू, मोजून घ्या. कमी करण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळी संध्याकाळीच मोजा. हा वायू चार-पाच तासांत निम्मा होतो, त्यामुळे सकाळचा आकडा उगाच दिलासा देतो. एका गृहस्थांनी सिगारेटी निम्म्यावर आणल्या होत्या, पण आकडा जेमतेम हलला. ते हिरमुसले. वही पाहिली तर प्रत्येक सिगारेट फिल्टरपर्यंत संपलेली. मग पॅच सुरू केला, सोडायची तारीख ठरवली आणि तेव्हा कुठे आकडा उतरू लागला.

तारीख ठरवायलाच हवी. 'दिवसाला एक' हा मुक्काम करू नका. २०१८ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यानुसार, रोज वीस ओढल्याने हृदयविकाराचा जितका जादा धोका वाढतो, त्याचा जवळपास निम्मा एका सिगारेटीनेच येतो. आणि तुमच्या हातात नुसती जळत राहिलेली सिगारेटही शेजारच्याच्या श्वासात जाते. झुरक्यांच्या मधल्या काळात कमी तापमानावर जळणारा तो धूर जास्त विषारी असतो.

सोडायच्या दिवसापासून कॉफी निम्मी करा. धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृत कॅफीन भराभर फोडत असतं. धूर थांबला की तेवढ्याच कॉफीने रक्तात जवळजवळ दुप्पट कॅफीन राहतं. मग छातीत धडधड होते, झोप उडते आणि माणसाला वाटतं ही तलफच आहे. दम्यासाठी थिओफिलिन किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापिन घेत असाल, तर डॉक्टरांना तारीख आधीच सांगा. त्या औषधांचा डोसही बदलावा लागतो.