नातेवाइकाला दिलेले हातउसने आणि त्याच्यावरची कोर्टकेस

मेव्हण्याला हातउसने दिलेत आणि आता त्याच्यावर दुसऱ्याच कुणी दावा लावलाय? ‘केस मिटू दे, मग बघू’ म्हणून थांबू नका. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार अशा वसुलीला साधारण ३ वर्षं मिळतात. त्याच्या केसमुळे तुमची मुदत थांबत नाही. ती संपण्याआधी एका कागदावर लिहून घ्या: ‘अमुक रुपये देणे बाकी आहे, मान्य.’ खाली त्याची सही, तारीख. तिथून नवी ३ वर्षं मोजली जातात. नात्यात कागद मागताना जीभ अडखळते, मला ठाऊक आहे, तरी मागाच. परतफेड बँकेतूनच घ्या. त्याचा फ्लॅट मात्र घाईघाईने, स्वस्तात नावावर करून घेऊ नका. दावेदाराला चुकवण्यासाठी केलेला व्यवहार कोर्ट रद्द करू शकतं.