गच्चीवर बार्न डान्स कसा करायचा

बार्न डान्स म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यांत धान्याच्या कोठारात रंगणारा जोड्यांचा नाच. सदाशिव पेठेतल्या आमच्या गच्चीवर मी तो बसवते. चार जोड्या चौकोनात, तोंडं आत. गाणं लगेच लावू नका. आधी पुढची चाल मोठ्यानं पुकारणारा माणूस ठरवा. सगळी रंगत त्याच्या आवाजात आहे. हात धरून डावीकडे गोल फिरा, मग जोडीदाराभोवती गिरकी. एवढं जमलं की फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, लावा.

शिकागोच्या डब्ल्यूएलएस या रेडिओ केंद्रानं १९२४ मध्ये असा नाच रेडिओवर आणला. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावर नोव्हेंबर १९२५ मध्ये वयोवृद्ध अंकल जिमी थॉम्प्सन फिडल घेऊन बसले, त्यातूनच ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा लोकसंगीताचा रेडिओ कार्यक्रम उभा राहिला. त्या काळची ध्वनिमुद्रणं खरखरतात, तरी तीच घ्या. ठेका अस्सल मिळतो. स्पीकर एकच पुरे, आणि दहाच्या आत बंद करा.