मेंदूच्या गाठीवरची अँटिबॉडी: या चुका टाळा

ग्लिओब्लास्टोमावर (मेंदूतल्या एका आक्रमक कर्करोगावर) काम सुरू करणारी मुलं अँटिबॉडी (नेमक्या लक्ष्याला चिकटणारं प्रथिन) गाठीच्या पेशीला चिकटली की निम्मी लढाई जिंकल्यासारखी वागतात. पण ती तिथवर पोचायला नको का? रक्तातल्या अँटिबॉडीच्या जेमतेम ०.१ टक्का मेंदूत उतरते. इतकं कमी मोजायचं तर हयगय चालत नाही.

एका विद्यार्थ्याच्या एलायझात (अँटिबॉडी मोजायच्या चाचणीत) उंदराच्या मेंदूत रक्ताच्या दोन टक्के अँटिबॉडी दिसली. पेपर लिहायचं बोलणंही सुरू झालं. मी फ्रीझरमधले उरलेले तुकडे मागवले, तर ते गुलाबी! पर्फ्युजन, म्हणजे सलाईन सोडून वाहिन्यांतलं रक्त धुऊन काढणं, घाईघाईत उरकलेलं. मेंदूच्या आकारमानात दोन-तीन टक्के तर नुसतं रक्तच असतं; मोजली गेली ती रक्तवाहिन्यांत राहिलेली अँटिबॉडी. नीट सलाईन सोडून प्रयोग पुन्हा केल्यावर आकडा कोसळला. माझी पद्धत ठरलेली आहे: हृदयाच्या उजव्या कर्णिकेतून बाहेर येणारा द्रव स्वच्छ होईपर्यंत हलायचं नाही, आणि मेंदू पांढरा दिसला नाही तर तो नमुना बाद. सोबत तुलनेसाठी कशालाच न चिकटणारी कंट्रोल अँटिबॉडी हवीच.

दुसरा मोह यू८७ पेशींचा, म्हणजे प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवलेल्या ग्लिओब्लास्टोमाच्या पेशींचा. उंदराच्या कातडीखाली टोचल्या की गाठ झटपट वाढते, औषधाने विरघळते, आलेख सुंदर येतो. पण तिथे रक्त-मेंदू अडथळाच (रक्तातल्या गोष्टी मेंदूत जाऊ न देणारी वाहिन्यांची भिंत) नाही. मेंदूत टोचल्या तरी त्यांचा गोळा बनतो आणि त्याच्या वाहिन्या गळक्या असतात. रुग्णात मात्र पेशी दूरवर पसरतात, जिथे अडथळा शाबूत असतो. शिवाय सर्रास विकल्या जाणाऱ्या यू८७ मूळ रुग्णाच्या नाहीत, हे २०१६ मध्ये डीएनए तपासणीतून उघड झालंय. वेळ लागला तरी रुग्णाकडून घेतलेल्या पेशी थेट मेंदूतच वाढवा.

ईजीएफआर-व्ही-थ्रीवर (काही गाठींच्या पेशींवरचं बदललेलं प्रथिन) भिस्त असेल तर गाठीच्या जपून ठेवलेल्या जुन्या तुकड्यावर (ब्लॉकवर) विसंबू नका. याच लक्ष्यावरच्या रिंडोपेपिमट लशीच्या चाचणीत गाठ परतल्यावर अनेकांत हे लक्ष्य नाहीसं झालं होतं, लस न मिळालेल्यांतही. परतलेल्या गाठीचा तुकडा नव्याने तपासा.

अँटिबॉडी मेंदूत न्यायला वाहिनीच्या भिंतीवरचा ट्रान्सफेरिन रिसेप्टर (लोह आत नेणारं प्रथिन) वापरतात. पण त्याला फार घट्ट चिकटणारी अँटिबॉडी त्या भिंतीतच अडकते. पकड थोडी सैल ठेवा.

अँटिबॉडी उंदरातल्या त्याच लक्ष्य-प्रथिनाला चिकटतच नसेल, तर उंदरावरून तिच्या सुरक्षिततेची ग्वाही देऊ नका.

बेव्हासिझुमॅबनंतर (गाठीच्या रक्तवाहिन्यांवर काम करणारी अँटिबॉडी) एमआरआयवरची चमक घटली म्हणजे गाठ गेली असं नाही. वाहिन्यांची गळती थांबली तरी तसंच दिसतं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत गाठीची वाढ लांबली, पण रुग्णांचं एकूण आयुष्य वाढलं नाही.